एका चपलेवरचा अलोहा

माझी लेक मीरा हवाईत राहते. परवा फोनवर म्हणाली, "आई, इथे एकच शब्द पुरतो. कुणी आलं की अलोहा, निघालं की अलोहा, आणि जीव लावला तरी अलोहाच." मला काही ते पटलं नाही. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला एकच शब्द, म्हणजे नुसता आळस.

आज सकाळी खिडकीशी मटार सोलत बसले होते. समोरच्या सुमनताईंची बहीण निघाली होती. "येते गं," म्हणत तिनं एका पायात चप्पल घातली. दुसऱ्या पायात घालायला तिला अर्धा तास लागला. आत चहा पिताना राहिलेलं सगळं उंबऱ्यावर निघालं. सुनेचे डोहाळे झाले, गुडघे झाले, लोणच्याचा मसाला झाला. मध्येच सुमनताईंनी आतून लिंबं आणून तिच्या पिशवीत कोंबली. पुन्हा "येते गं" झालं, आणि पुन्हा दोघी हसत उभ्या. त्या निरोपाला आमच्याकडे काय म्हणतात, मला सुचेना. हवाईतला तो शब्द मात्र अगदी चपखल बसला.

थोड्या वेळानं मीराचा फोन आला. तिच्याकडे अजून कालचीच संध्याकाळ होती. भरपूर बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ठेवते आई."

"ठेव."

फोन काही बंद झाला नाही.

"आई, अळूवडीत चिंच किती घालतेस गं?"

मी खुर्चीत पाय वर घेऊन नीट बसले.

"अलोहा," म्हटलं, "सांगते."