शेवंताबाईंची पाटी

शेवंताबाई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट झाली शहापूरच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, आणि त्या पहिल्या भेटीतच मला त्यांचा हेवा वाटला. बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात ‘बाईंचे जुने स्नेही’ म्हणून समितीने मला लेख मागितला आहे. स्नेही मी आहेच. पण हेवा स्नेहापेक्षा थोडा आधीचा आहे, तेव्हा मान त्यालाच पहिला दिला पाहिजे.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. सिहोऱ्याहून बदलून आलेल्या बाई मधल्या सुट्टीत खिडकीपाशी बसून मुलांच्या दगडी पाटीवर काहीतरी लिहीत होत्या. ओळ लिहायची, ओठांतल्या ओठांत वाचायची, ओल्या फडक्याने पुसायची, पुन्हा लिहायची. मला वाटले, उद्याच्या धड्याची तयारी चालली आहे. सहज डोकावलो. पाटीवर होते : “सासूनं हाक मारली तवा मंजुळा गुडघाभर चिखलात होती. आपल्याले ऐकू आलं नाही, असं तिनं पयल्यांदाच ठरवलं.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. त्या शाळेतला लेखक मी होतो. खिशाला सोनेरी टोपणाचे पेन होते, घरी टेबल होते, जाड पांढऱ्या कागदांचा गठ्ठा होता आणि कारध्याच्या घाटावरच्या नावाड्यांवर मी कादंबरी लिहीत असल्याचे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना माहीत होते. आपल्या पंचक्रोशीतून पहिले पुस्तक निघेल ते माझे, हे मी धरूनच चाललो होतो. आणि इथे ही नवी बाई मुलांच्या पाटीवर असे वाक्य लिहीत होती!

“बाई, कागद मिळत नाही का?” मी विचारले. आवाजात थोडा खवचटपणा असावा.

“मिळते ना सर,” बाई म्हणाल्या. “पण कागदावर उतरलं का त्याचा मोह सुटत नाही. पाटीवरचं पुसाले जीव दुखत नाही.”

बाईंची लेखनसामग्री एवढीच : पाटी, पेन्सिल, फडके. पाटीवर तग धरलेले वाक्य मग जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर शाईने उतरायचे. माझे पेन अधूनमधून झरायचे, शाई बदलावी लागायची, कागदाची वही व्हावी की सुटे राहावेत यावर माझा आठवडा जायचा. बाईंच्या पाटीला यांपैकी कसलीही अडचण नव्हती. मी एकदा गुपचूप पाटी आणून पाहिली. मला काही पुसवेना, आणि पाटी पहिल्याच परिच्छेदात भरून गेली.

बाईंच्या गोष्टी रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चिखलाच्या बांधीत उतरणाऱ्या सिहोऱ्याच्या बायकांच्या. बाई स्वतः त्याच बायकांतून आलेल्या. छप्पन साली घराने धम्म स्वीकारला, तेव्हा वडिलांनी रोवणीवरून उठवून त्यांना पुन्हा शाळेत बसवले होते. गोष्टी पुऱ्या झाल्यावर बाईंनी बाड मोठ्या शहरातल्या एका प्रकाशकांकडे पाठवले. ते परत आले. भाषा शुद्ध करून दिल्यास विचार करू, असा शेरा होता. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला चहा गोड लागला. बाईंनी शेरा वाचला, बाड पिशवीत घातले आणि म्हणाल्या, “माह्या बाया पुस्तकात जाऊन दुसऱ्याच बोलीत कायले बोलतीन? मीच छापतो ना मंग.”

भंडाऱ्यात तेव्हा एक लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापायचा. अक्षरांचे खिळे इतके थोडे, की एक फर्मा, म्हणजे एका वेळी छापायची पाने, छापून झाला की तो सोडायचा आणि त्याच खिळ्यांनी पुढचा जुळवायचा. म्हणजे छापलेल्या पानाकडे परतणे नाही. लग्नसराईत तर बाईंचे पुस्तक बाजूला पडायचे आणि सगळे खिळे चि. आणि सौ. कां. यांच्या सेवेला जायचे. बाई शाळा सुटली की एस.टी.ने भंडाऱ्याला जात, प्रुफे तपासत आणि परत येत. मालक एकदा चिडून म्हणाले, “बाई, एवढं कोन पाहते?” बाई म्हणाल्या, “जिची गोष्ट आहे थे पाहीन.” आणि खरोखरच दर फर्मा छापण्याआधी त्याचे प्रूफ सिहोऱ्याला नेऊन त्या त्या बाईला वाचून दाखवत. एकीने नवऱ्याचे नाव काढायला लावले, दुसरीने आपले घालायला लावले. या व्यवहाराला वर्षाहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात आपली कादंबरी आधी संपवून टाकावी असा मी चंग बांधला होता. पण माझा नावाडी नदीच्या मध्यावरच राहिला.

पुस्तकाला प्रस्तावना मी लिहावी, अशी इच्छा बाईंनी व्यक्त केली, तेव्हा मात्र माझी छाती फुगली. निदान पहिली पाने माझी असणार होती. मी लोकसाहित्य आणले, स्त्रीजीवन आणले, आपल्या तलावांच्या प्रदेशाचा इतिहास आणला. मजकूर इतका झाला की पुस्तकच प्रस्तावनेचे परिशिष्ट वाटावे. आठवडाभराने बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या. हातात पाटी.

“सर, तुमची प्रस्तावना पाटीवर घेऊन पाहिली.”

“मग?”

“बरंच पुसल्या गेलं.”

“किती राहिलं?”

बाईंनी पाटी माझ्यापुढे ठेवली. एकच वाक्य होते. लिहिण्याच्या भरात, त्राग्याने, कुठेतरी मधे मी लिहून गेलेले : “हे पुस्तक मी लिहिले नाही, याचे मला वाईट वाटते.”

“बाकीचं विद्वत्तेचं होतं सर,” बाई हळूच म्हणाल्या. “हे खरं होतं. पण तुमची ना असंन तर हेही पुसतो.”

मी ना म्हणू शकलो नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. प्रस्तावना म्हणून तेवढेच छापले गेले, खाली माझे नाव. पुस्तकाचे प्रकाशन सिहोऱ्याच्या शाळेच्या ओसरीवर झाले. अध्यक्ष नाही, पाहुणा नाही. खऱ्या मंजुळाबाईंनी पुड्याची दोरी सोडली, पहिली प्रत नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “नव्या धानासारखा वास नाही येत, पण बरी आहे.” बायका हसल्या. पुस्तक दोनदा पुन्हा छापावे लागले. आमच्या घरातून मी ते दोनदा लपवले आणि दोनदा सौभाग्यवतींनी शोधून काढून वाचले. तेव्हापासून तुमसरपासून पवनीपर्यंत कुठल्याही सभेत माझी ओळख करून दिली की कोणीतरी मागून म्हणतेच, “म्हणजे ते वाईट वाटणारे सर!” माझे एवढे एकच वाक्य लोकांच्या तोंडी आहे, आणि तेही बाईंच्या पुस्तकात.

बाईंचा चांगुलपणा सांगणे मला जड जाते, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि वाचायला बंदी आली. बाई दर रविवारी माझ्या घरी कारध्याला यायच्या. मी वर्तमानपत्र वाचा म्हटले, तर त्यांनी सौभाग्यवतींकडून पेटीतले माझे बाड मागून घेतले आणि तेच वाचायला बसल्या. डोळ्यांवर पट्टी, हलायची सोय नाही. माझीच कादंबरी मला मुकाट्याने ऐकावी लागली. मधेच बाई थांबायच्या. थांबल्या की मला कळायचे की इथे मी भाव खात होतो. आणि एखाद्या जागी त्यांचा आवाज खाली यायचा, तेव्हा वाटायचे, हे मी लिहिले? त्यांच्या तोंडी ते मला माझ्याहून चांगले वाटले. याचाही हेवा वाटलाच.

पट्टी सुटल्यावर मी पेनाला टोपण लावले आणि पाटी घेतली. या वेळी पुसवले. आता कादंबरी निम्म्याहून कमी झाली आहे, आणि नावाडी पैलतीराजवळ पोचला आहे. शेवटचे प्रकरण राहिले आहे. ते राहून राहून राहतेच आहे.

गेल्या महिन्यात या लेखासाठी माहिती घ्यायला बाईंकडे गेलो. भिंतीला त्यांची पाटी टांगलेली होती आणि तिच्यावर एक ओळ होती. बाईंच्या पाटीवर ओळ मुक्कामाला राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. जवळ जाऊन वाचली : “हा घाट मी कितीकदा पायला, पण मले तो दिसला नाही.”

“हे काय, बाई?”

“तुमच्या पुस्तकाची प्रस्तावना. दिवाळीपासून लिहून ठेवली.”

“मग तुमचं लिहिणं?”

“बंद आहे. पाटी अडकली ना. तुमचं छापून आल्याशिवाय पुसत नाही मी.”

इतकी वर्षे जिच्यावर जळलो, ती बाई माझ्यासाठी आपली पाटी अडवून बसली होती. मी म्हणालो, “बाई, तुम्ही... तुम्हाला हेवा?”

“काहून?” बाई हसल्या. “जळन्याचा मक्ता काय तुमीच घेतला?”

शेवंताबाईंना उदंड आयुष्य लाभो, हात थरथरू नये, नजर शाबूत राहो, आणि सिहोऱ्याच्या आणखी कितीतरी बायका त्यांच्या पाटीवरून पुस्तकात जावोत. या शुभेच्छा देऊन थांबायला हवे. पण माझी एक मागणी उरते, आणि ती पुरी करणे देवाच्याही नाही, माझ्याच हातात आहे. बाईंची पाटी यंदा मोकळी व्हावी. हा लेख समितीकडे दिला की मी शेवटच्या प्रकरणाला बसतो.