भिजवलेले दाणे

दातकाकांना सगळे दातकाका म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्यांनी उभा जन्म कवळ्या घडवल्या. पुढे डॉक्टर गोड बोलत, मागे काका मेण तापवत, साचे भरत, एकेक दात घासून बसवत. कवळी नीट बसली की पेशंट डॉक्टरांचे आभार मानायचा. टोचली की डॉक्टर मागच्या दाराकडे बोट दाखवायचे. मग काका कपाळाला आठ्या घालून बाहेर येत आणि म्हणत, "तोंड उघडा." भलेभले निमूट तोंड उघडत.

लग्न जमलं नाही. मोठी बहीण, नवरा गेल्यावर, यांच्याकडे राहायला आली, तेव्हापासून घरात माणसं दोन आणि जीभ एक, ती ताईंची. शेजारची पोरं काकांना बघितलं की आल्या पावली मागे फिरत. या माणसाला त्याचं वाईट वाटत असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे. वाटायचं. फार वाटायचं.

कामाच्या खोलीची खिडकी मागच्या अंगणात उघडायची; अंगणापलीकडेच काकांचं घर. तिथल्या झाडावर छोटी गाणारी पाखरं होती, छातीवर पिवळा डाग असलेली. सकाळी त्यांनी एकदा सूर लावला की कानशीचा आवाजही ऐकू येत नसे. एका हिवाळ्यात काकांनी खिडकीच्या कट्ट्यावर दाणे टाकले, पाण्याची बशी ठेवली. पाखरं यायची, पण काकांनी नुसती मान वळवली तरी भुर्रकन उडायची.

"त्यांनाही कळतं रे तू कसा आहेस ते," ताई हसून म्हणाल्या. काका हसले नाहीत.

मग एके दिवशी एक पाखरू उडालंच नाही. पिसं फुगवून कट्ट्यावर बसून राहिलं. काकांनी बोट पुढे केलं, ते हललं नाही. त्यांनी तळहात कट्ट्याला टेकवला, तर सरकत सरकत येऊन त्यावर बसलं आणि डोळे मिटले. आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडाशिवाय काही जवळून न पाहिलेल्या त्या माणसाने मग कितीतरी वेळ तो तळहात हलवला नाही.

पाखरू दाणा उचलायचं, चोचीत घोळवायचं आणि टाकून द्यायचं. चोचीभोवती ओल दिसायची. हे पाहून काकांच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. नवी कवळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत, "सुरुवातीला सगळं भिजवून, मऊ करून खा." पाखराला तोच कायदा. दाणे रात्री भिजत पडू लागले. पाखराच्या घशाखाली थोडंफार उतरायला लागलं, आणि बाकीची पाखरंही त्या ओल्या दाण्यांवर तुटून पडली.

बातमी गल्लीभर झाली. मागे फिरणारी पोरं खिडकीशी गर्दी करू लागली, बायका कौतुकाने विचारू लागल्या. एरवी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारे काका आता समजावून सांगत, "दाणे कोरडे नकोत. भिजवा. त्यांना गिळायला त्रास होतो." बघता बघता खिडकीखिडकीत वाट्या दिसू लागल्या. काकांच्या तोंडावर हसू आलं आणि ते त्यांना शोभत होतं, हे कबूल करायलाच हवं.

ताईंना मात्र राहवेना. "अरे, रानचं पाखरू असं हातावर येऊन बसतं का कधी? काहीतरी बिघडलंय त्याचं."

"तुला माझं चांगलं बघवतच नाही," काका म्हणाले. ताई गप्प झाल्या. त्यांना गप्प करणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

पुढे जनावरांची एक डॉक्टरीण आपल्या आईची कवळी न्यायला आली. काकांनी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. तळहातावर पाखरू होतं.

"हे कधीपासून बसतंय असं?" तिने विचारलं.

"बरेच दिवस. माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही."

"जाऊ शकत नाही, काका." तिने हलकेच पाखराची चोच उघडून पाहिली. "घशात गाठी आहेत. उडायची ताकद उरलेली नाही. साथ आलीये यांच्यात. आजारी पाखराची लाळ दाण्यापाण्यात पडते, दुसरं तेच खातं. कोरड्यात हा जंतू फार टिकत नाही, ओल्यात तग धरतो." तिची नजर वाटीकडे गेली. "हे भिजवायला कुणी सांगितलं?"

काकांनी दुसऱ्या हाताने वाटी मागे सरकवली.

"वाट्या आजच काढा. सगळ्यांच्याच. यालाही हात लावू नका, उद्या माणूस पाठवते, तो घेऊन जाईल."

"उपाशी मरतील ती."

"झाडं आहेत, किडे आहेत. पांगली तर जगतील. इथे जमली तर मरतील."

एवढं स्पष्ट ऐकूनही काकांनी त्या दिवशी वाटी काढली नाही. हातावरच्या त्या एकासाठी, त्याचा शेवटचा घास म्हणून. सकाळी ते वाटीशेजारी पडलेलं होतं. झाडाखाली आणखी बरीच होती. ताईंनी हातात पिशवी चढवून एकेक उचललं, खड्डा केला, आणि 'मी सांगत नव्हते?' हे एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

मग काका दारोदार निघाले. "वाट्या काढा. उकळत्या पाण्याने धुवा. पाखरं मरताहेत."

"अहो, पण तुम्हीच तर सांगितलंत!"

"मीच सांगितलं. चुकलो." हे वाक्य त्यांना दर दारात म्हणावं लागलं. कुणी हळहळलं, कुणी धाडकन दार लावलं. एका पोराने विचारलं, "मग आमच्याकडची मेली ती तुमच्यामुळे?" काका हो म्हणाले.

शेवटचं घर एका आजींचं. मुलं परमुलखात, घरात त्या एकट्याच. दार उघडंच होतं. आजी खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. काकांना पाहताच त्यांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू या हो," त्या कुजबुजल्या. "बघा तरी! आज माझ्याही हातावर बसलं."

पिसं फुगवून, डोळे मिटून, ते बसलं होतं. चोच ओली होती.

काका आजींच्या पायाशी जमिनीवर बसले. सगळ्या दारांत तोंडपाठ झालेलं वाक्य जिभेवर येईना.

"आजी, त्याला उडता येत नाहीये," ते अखेर म्हणाले. "आजारी आहे."

आजींनी पाखराकडे पाहिलं, मग काकांकडे.

"म्हणजे ते माझ्याकडे आलं नव्हतं?"

"नाही," काका म्हणाले.