इजिप्तमधला चोर

तंजावूरच्या मराठी मंडळात भाषेविषयी कळवळून बोलावं ते हनुमंतरावांनीच. तालुका ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते दर महिन्याच्या सभेत उभे राहत आणि मुलांना आपली अक्षरं शिकवा म्हणून ठणकावून सांगत. त्या भाषणाचा कागद मात्र तमिळ अक्षरांत लिहिलेला असे. देवनागरी त्यांना ओ की ठो येत नव्हती. शाळेत तमिळ झालं, इंग्रजी झालं, मराठीचं घरात बोलून भागलं; वाचायचं राहूनच गेलं. आता अडुसष्टाव्या वर्षी हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

नात जननी सात वर्षांची. तिला पुण्याच्या नातेवाइकांनी एक मराठी पुस्तक पाठवलं. त्यात कोट घातलेलं एक मुंगूस देशोदेशी हिंडून चोर पकडत होतं. "आजा, वाचा," म्हणत पोर झोपाळ्यावर शेजारी येऊन बसली. हनुमंतरावांनी चष्मा लावला आणि चित्रं बघून जी थापेबाजी सुरू केली, ती वर्षभर चालली. जपानात रसम मिळेना म्हणून मुंगूस रुसलं. इजिप्तमध्ये राणीचा हार पोपटानं पळवला. शेवट नेहमी एकच. मुंगूस चोराला पोलिसांत देत नसे. "आपल्या तोंडानं सांग, मग सोडतों," एवढंच म्हणे. जननीला ते पाठ झालं होतं. सांगताना हनुमंतराव रंगून जात, आणि पुस्तक मिटलं की त्यांना रोज थोडं ओशाळल्यासारखं होई.

मग एकदा मंडळात पुण्याच्या एक बाई पाहुण्या म्हणून आल्या. जननी पुस्तक घेऊन थेट त्यांच्यापुढे. बाईंनी कौतुकानं इजिप्तची गोष्ट वाचायला घेतली. त्यांच्या वाचण्यात हार उंटानं गिळला होता.

"तसं नव्हे," जननी म्हणाली. "चोर पोपट. अमचा आजा नीट वाचतात."

बाई हसल्या. त्यांनी पुस्तक हनुमंतरावांसमोर धरलं. "मग आजोबा, तुम्हीच दाखवा वाचून."

चाळीस माणसं बघत होती. चष्मा घरी राहिला म्हणावं, तर मेला नाकावरच होता.

"पोर लबाड अहे हो," हनुमंतरावांच्या तोंडून निघून गेलं. "मी वाचतों तें बरोबर. हीच मनानं कायबाय रचते."

सगळे हसले. जननी हसली नाही. तिनं पुस्तक घेतलं आणि आईजवळ, कविताजवळ, जाऊन बसली.

त्यानंतर ती झोपाळ्यावर येईना. कॉफीचा पेला पुढे ठेवून निघून जाई. वाचता येत नाही ही लाज हनुमंतरावांच्या जुन्या ओळखीची होती, तिच्याशी त्यांनी जुळवून घेतलं होतं. ही नवी लाज घास गिळू देईना. आपली अब्रू राखायला एवढ्याशा पोरीला पुढे केलं, आणि तीही आपली बाजू घेऊन बोललेली! चौथ्या दिवशी ती शाळेतून आल्या आल्या त्यांनी तिला हाक मारली.

"जननी, मज मराठी वाचाया येत नाही. चित्र बघून सांगत होतों."

"मग पोपट?"

"तो माझाच."

"रसम?"

"तेंही."

"मग लबाड मी कशी?"

चुकलों, एवढंच हनुमंतराव पुटपुटले.

"मज नका सांगूं," जननी म्हणाली. "तिथं सांगा. सगळ्यांस. आपल्या तोंडानं."

पुढच्या सभेपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. ताप आला असता तर बरं, असंही मनात येऊन गेलं. ताप काही आला नाही. नेहमीप्रमाणे ते उठले, खिशातला कागद काढला आणि लोकांकडे फिरवून धरला.

"हीं तमिळ अक्षरं. आपलीं मज वाचतां येत नाहीत. माझी नात लबाड नव्हे. लबाड मी."

खोलीत कोणी हसलं नाही. दोघं-तिघं मान खाली घालून आपल्याच पायांकडे बघत बसले. हनुमंतराव जागेवर येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर जननी होती. तिनं त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, नीट घडी घालून परत त्यांच्या खिशात ठेवला.

"अतां सोडतें," ती म्हणाली.