डावऱ्याची रेघ

मी जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवतो. डोळे म्हणजे नुसता रंग, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर मी टिंगलच केली आहे. तरी हे लिहितोय... कारण मनातून जात नाही.

डोळ्यांच्या या कामाला आम्ही आखणी म्हणतो. ती मला दिनेशने शिकवली. रोह्याचा, बौद्ध, डावखुरा — कारखान्यात सगळे त्याला डावरा म्हणायचे. माझं मनगट धरून रेघ काढून घ्यायचा. पुढे त्याचं लग्न झालं, डोलवीला कंपनीत लागला, ब्रश सुटला. जाताना म्हणाला, "घरात ठेवायला एक बुद्ध कर माझ्यासाठी. तुझ्या हातचा पायजे."

मूर्ती केली, डोळे राहिले. बुद्धाची नजर अर्धी मिटलेली, खाली झुकलेली. मला सवय टक्क उघड्या डोळ्यांची, हिंमतच होईना. तो फोन करायचा आणि मी म्हणायचो, गणपती होऊ दे, मग देतो. असे तीन गणपती गेले... आणि साध्या तापाचं निमित्त होऊन दिनेश गेला.

अंत्ययात्रेला जिते स्टेशनवरून गाडी पकडून रोह्याला गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मी एकटाच चौकडीच्या शर्टात. त्रिसरण-पंचशील झालं, मीही हात जोडले. मग एकेकजण पुढे येऊन दिनेशबद्दल दोन शब्द बोलला. माझं नाव घेतलं तेव्हा उठून पुढे गेलो. सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

मला सारखं एकच वाटत होतं — आमच्यात कावळा पिंडाला शिवला नाही, तर गेलेल्याचं काय राहिलंय ते विचारता येतं, शब्द देता येतो. इथे शब्द द्यायचा कोणाला? त्याच्या बायकोपाशी, सुरेखा वहिनींपाशी, मी वेड्यासारखं हे बोलून बसलो.

रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "आमच्यात कावळा नाय, भावजी. काय करायचं ते माणूस हाय तवर करायचं." मग म्हणाल्या, "रविवारी यांचा जलदान विधी हाय. यांनी सांगितलेली मूर्ती तेवढी आणा... कशी असंल तशी."

रविवारी सकाळी कारखान्यात मूर्ती पुढ्यात घेतली. दोनदा ब्रश उचलला, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा टेकवला — आणि भीती गेली. बस्स, इतकंच. काही दिसलं नाही, कोणी बोललं नाही. दोन्ही डोळे एका दमात झाले.

मालक नाना चहा घेऊन आले. मूर्ती उजेडाला धरून बघत राहिले. "ही डावऱ्याची आखणी. कवा केलीन त्याने?"

"नाना, आत्ता केली. मीच."

"मला नको शिकवू."

मी नीट पाहिलं. रेघ सुरू होते तिथे जाड असते, सुटते तिथे बारीक. मी उजव्या हाताचा, माझी रेघ डावीकडून उजवीकडे जाते. दिनेशची उलटी. मूर्तीच्या दोन्ही डोळ्यांची रेघ उलटी होती. शिकवलेलं हातात राहिलं असेल, दुःखात माणसाला भान नसतं — सगळं मान्य. पण उजव्या हाताने तशी रेघ काढायला गेलं की ब्रश उलटा ढकलावा लागतो, रेघ फाटते. नंतर कितीदा प्रयत्न केला, एकदाही जमली नाही.

रोह्याला मूर्ती मांडली, मेणबत्त्या लावल्या. वहिनी जवळ येऊन बघत बसल्या आणि आठवड्यात पहिल्यांदा जराशा हसल्या.

"डोळे यांनीच काढलेत ना? कवा येऊन गेले कारखान्यात? मला बोलले पण नाय."

मी एवढंच म्हटलं, "आणायला मलाच उशीर झाला, वहिनी."