भाव उतरण्याची वाट

रांझीत आमच्या समोर राहणारे काका दर रविवारी नेपियर टाउनमधल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. शाळेत जाणाऱ्या त्यांच्या मुलीला कन्सोल हवा होता. काका किंमत विचारायचे, खोका उलटसुलट पाहायचे आणि शेजारच्या गिऱ्हाइकालाही अडवायचे, "काहून घाई करून राहिले भैया? नवं मॉडेल आलं की भाव उतरते." काका दिसले की दुकानदार चहाला निघून जायचा.

नवं मॉडेल आलं, भावही उतरला. काका म्हणाले, "अजून उतरन." मग तो चढला, तेव्हा काका सरकारला शिव्या देत बसले. तोवर मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागली.

यंदा दिवाळीच्या सेलमध्ये काकांनी खरंच कन्सोल घेतला आणि माझ्यासमोरच तिला फोन लावला. "बाई, घेतला बरं तुझ्यासाठी. अर्ध्या भावात."

"पापा, मैंने तो पहिल्या पगारातच घेतला होता. विकला पण. आता खेळायला वेळ कुठे असतो?"

काका खोक्यावरची किमतीची चिठ्ठी नखानं खरवडत राहिले. मग मला म्हणाले, "पाहा, पूर्ण किंमत देऊन बसली पोरगी. थोडं थांबता नाही आलं तिला."