रुमालाखाली ठरलेली झोप

अख्ख्या परभणी जिल्ह्यात सौद्यातलं ओ की ठो न कळणारा माणूस शोधायचा, तर आमच्या पोरीच्या, वैष्णवीच्या, गणिताच्या मास्तरांपुढे कुणी टिकायचं नाही. मी चौथीत शाळा सोडली नि ताडकळसच्या बाजारात बैलांचे सौदे करत वर आलो, म्हणून अधिकारानं सांगतो. हे गृहस्थ वांगी घेताना भाव विचारत नाहीत, विकणाऱ्या बाईच्या गुडघ्याची चौकशी करतात आणि शेवटी उरलेलं किडकं वांगंही मागून घेतात, म्हणे, "एकटं कुठं राहील बिचारं!" वर्गातही तीच तऱ्हा. पेपर लिहिताना पोरगं अडलं, की हे त्याच्या बाकावर जाऊन बसतात. "माझंच डोकं बंद पडलंय रे, चल, मैदानाला चक्कर मारू." सराव परीक्षेला अर्धा वर्ग मैदानात आणि फाटकाशी पालकांची बोंबाबोंब, त्यात वरचा आवाज माझा.

कारण पोरीला दहावीत नव्वदच्या वर टक्के हवेत, हे मी ठरवलं होतं. मध्यरात्र उलटेपर्यंत तिला बसवायचं, कोंबड्याच्या आधी उठवायचं. पोर जेवेना, बोलेना. मला वाटलं, अभ्यास अंगी लागायलाय.

एका बाजाराच्या दिवशी मास्तर थेट माझ्या बैलांपाशी आले. चार व्यापाऱ्यांदेखत माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यांनी आमच्या हातांवर टाकला.

"बैल घ्यायलाव का, मास्तर?"

"न्हाई शेट. वैष्णवीची झोप घ्यायलोय. तास बोला."

आमच्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि रुमाल निघाल्यावर शब्द मोडत नाही. लोक खो खो हसायला लागले. मी चिडून तीन बोटं दाबली. त्यांनी अख्खा पंजा दाबला, वर तीन बोटं. मी चारवर आलो, पाचवर आलो. हा माणूस आठवरून हलेना.

"अहो, सौदा हाय हा! थोडं तरी खाली या की!"

मास्तर कानाशी वाकले. "शेट, काल फळ्यापुढं तिला सोताचं नाव आठवंना. म्हणाली, घरी जायची भीती वाटायलीय."

मी रुमालाखाली अख्खा पंजा दाबला, वर तीन बोटं. आठ तास, सौदा पक्का.

टक्के नव्वदला पोचले नाहीत, तो राग आहेच. पोर आता पोटभर जेवते, मला उलट बोलते. मास्तरांची बदली पालमला झाली. पण भीती वाटते हे तिनं त्यांना सांगितलं, मला नाही, हे काही केल्या पचत नाही. हल्ली ती गप्प बसली, की मी काय झालं विचारायला जातो नि नुसता खोकतो, आणि मास्तरांना गाठायला पालमची एसटी किती वाजता असते, ते आठवायला लागतो.