हेळव्याने सोडलेलं नाव

हेळवी येणार असल्याचा दिराचा फोन आला, तेव्हा चंद्रभागा शिंत्रे यांनी मुलीला, संगीताला, एवढंच सांगितलं, की गावी जाऊन संध्याकाळी परत येते. मुलीकडे नवनगरात राहायला आल्यापासून त्या गावी गेल्या नव्हत्या. पिशवीत एक कोरा शर्ट होता, संतोषच्या मापाचा.

संतोष त्यांचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी कलघटगीच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून गेला. लग्न ठरत आलं होतं.

अळनावरजवळच्या त्यांच्या गावात हेळवी काही वर्षांतून एकदा, सुगीनंतर येतो. घराण्याची वंशावळ त्याला तोंडपाठ असते. अंगणात बसून तो ती म्हणतो आणि ज्यांची नावं घेतली त्यांच्या घरून धान्य, कपडा घेऊन जातो. मंजुनाथ हेळव्याचे वडील बैलावर बसून यायचे. मंजुनाथ टेम्पोतून उतरला.

त्याने मूळपुरुष बाळोजीपासून सुरुवात केली. विजापूरच्या बादशाहीत तो घोडा घेऊन या मुलखात आला. मग पेशवाईत एका वेढ्यात पडलेला रायाजी, इंग्रजांच्या अमलात रेल्वेसाठी जंगलात लाकूड तोडणारा तुकोजी. मग चंद्रभागाबाईंचे सासरे, त्यांचे यजमान, आणि तिथून थेट दिराची मुलं, नातू.

"एक राहिला," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

मंजुनाथने त्यांच्या दिराकडे, लक्ष्मणरावांकडे पाहिलं.

"संतोष गेल्याचं मीच सांगितलं त्याला, वैनी," लक्ष्मणराव म्हणाले. "विचारल्यावर खोटं कसं सांगू?"

"अक्का, ज्याच्या मागं कुणी नाही, त्याचं नाव आम्ही सोडतो," मंजुनाथ म्हणाला.

"रायाजीच्या मागं कोण होतं?"

"कुणी नाही. पण तो लढाईत पडला."

"हा रस्त्यात पडला. कुठं पडायचं ते आधी तुला विचारायला हवं होतं त्यानं."

अंगणात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

चंद्रभागाबाईंनी शर्ट काढून तांदळाच्या सुपाशेजारी ठेवला. मंजुनाथने तांदूळ पोत्यात ओतून घेतले. शर्टाला हात लावला नाही.

"हा घेतला तर नाव घ्यावं लागेल, अक्का. माझ्या मागं माझ्या मुलालाही. कुणासाठी घ्यायचं त्यानं?"

"माझ्यासाठी."

"तुमचं तरी नाव कुठं आहे त्यात?"

तो हे टोचून बोलला नव्हता. बायकांची नावं वंशावळीत नसतात, हे चंद्रभागाबाईंनाही लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. त्यांनी शर्टाची घडी नीट केली आणि पिशवीत घातली.

संध्याकाळी संगीताने विचारलं, "काकांचा फोन आला होता. हेळवी काय म्हणाला?"

"भाऊजींच्या नातवाचं नाव घातलं."

शर्ट अजून कपाटात आहे. जावयाला तो मोठा होतो. संतोष उंच होता.